हिशेब जुळत नाही तेव्हा : नव्या सॉफ्टवेअरवर विश्वास कसा आणि कधी ठेवायचा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की आम्हाला कॉम्प्युटरच्या आतलं काही कळत नाही, मग आम्ही येऊन काय करायचं? त्यांना म्हटलं, तुम्हीच या. कारण आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्यांनाही आतलं काही कळत नव्हतं. ते दुकानदार होते. दुकानातल्या एका कोपऱ्यात पोस्टाचं काउंटर चालवायचे, आणि एक दिवस त्या काउंटरवर नवं सॉफ्टवेअर आलं.

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशर परगण्यात साउथ वॉर्नबरो नावाचं खेडं आहे. तिथे जो हॅमिल्टन या बाई असं एक दुकान-कम-पोस्ट चालवत. २००३ साली त्यांच्या हिशेबात सुमारे २,००० पौंडांची तूट दिसायला लागली. म्हणजे सॉफ्टवेअर म्हणतंय गल्ल्यात इतके पैसे हवेत, आणि गल्ल्यात तेवढे नाहीत. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची व्यक्ती सांगेल तशी बटणं दाबत गेल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत २,००० चे ४,००० झाले. तूट मिटायच्या ऐवजी दुप्पट! पुढे ती वाढतच गेली. त्यांनी घर गहाण ठेवून पैसे भरले. शेवटी ३६,००० पौंडांच्या प्रकरणात त्यांच्यावर खटला झाला, आणि चोरीचा आरोप टळावा म्हणून त्यांनी खोटे हिशेब केल्याचा गुन्हा कबूल केला.

सॉफ्टवेअरचं नाव होरायझन. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिससाठी ते आयसीएल या कंपनीने केलं, आणि ही कंपनी तेव्हा जपानच्या फुजित्सूच्या ताब्यात होती. १९९९ पासून ते देशभरच्या पोस्टांत बसवायला सुरुवात झाली. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत या सॉफ्टवेअरच्या आकड्यांवर विसंबून नऊशेहून जास्त माणसांना दोषी ठरवलं गेलं. त्यांतले सुमारे सातशे खटले पोस्टाने स्वतःच चालवले होते. तिथे सरकारी वकिलाकडे न जाता पोस्टाला तसा खटला चालवता येत असे. तुरुंगात गेलेल्यांत आपल्या भारतीय वंशाच्या सीमा मिश्राही होत्या. वेस्ट बायफ्लीट इथे त्यांचं पोस्ट होतं. २०१० साली त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा अन्याय म्हणजे सॉफ्टवेअर भयंकर बिघडलेलं असणार. बिघडलेलं होतंच. पण आमचं म्हणणं जरा वेगळं आहे. चुका सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात. तुमच्या फोनवरच्या बँकेच्या ॲपमध्येही आज या क्षणी काही ना काही चूक असेलच. तेवढ्याने कुणी तुरुंगात जात नाही. होरायझनमध्ये आणखी एक गोष्ट होती, आणि खरं म्हणजे ती नसण्याची गोष्ट होती. ‘हा आकडा मला मान्य नाही’ असं म्हणायचं बटणच त्यात नव्हतं.

हे जरा नीट बघू. महिन्याच्या शेवटी, आणि सुरुवातीच्या काळात आठवड्याच्या शेवटी, काउंटरवाल्याला हिशेब बंद करून पुढचा काळ उघडावा लागे. तूट असेल तर दोन वाटा. एक, तेवढे पैसे लगेच पदरचे भरा. दुसरी, ‘मध्यवर्ती हिशेबात टाका’ असा पर्याय निवडा. हा दुसरा पर्याय ऐकायला बरा वाटतो. पण तो निवडला की ती रक्कम तुमच्या नावावर देणं म्हणून पडायची. वाद घालायचा असेल तर वेगळा फोन करायचा, आणि तो फोन कुठे जाऊन थांबतो ते आपण बघूच. दोन्ही नको असेल तर? मग हिशेब बंद होत नाही, आणि हिशेब बंद झाला नाही तर दुसऱ्या दिवशी काउंटर नीट उघडत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची पेन्शन अडते. म्हणून माणसं काय करायची? सगळं जुळलं आहे असं दाखवून पुढे सरकायची, की उद्या सापडेल चूक. हॅमिल्टनबाईंनी हेच केलं. आणि कायद्याच्या भाषेत हेच खोटे हिशेब ठरले.

२०१९ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांनी या प्रकरणातला पहिला मोठा निकाल दिला, त्यात ही वाद नोंदवायची सोय नसल्याची बाब स्पष्ट आली आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरा निकाल आला, तो खास सॉफ्टवेअरबद्दल. होरायझनची जुनी आवृत्ती अजिबात भरवशाची नव्हती, असं त्यांनी त्यात ठरवलं.

आता एका माणसाबद्दल सांगतो, ज्याने सुरुवातीलाच योग्य प्रश्न विचारला. ॲलन बेट्स. वेल्समध्ये लँडुडनो नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथे त्यांचं पोस्ट. २००० च्या शेवटी त्यांच्याकडे होरायझन आलं आणि काही आठवड्यांत सुमारे ६,००० पौंडांची तूट दिसली. बेट्स यांना दुकानांच्या कॉम्प्युटर-गल्ल्यांचा आधीचा अनुभव होता. ते बसले, नोंदी तपासल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा तुटीचं कारण त्यांना सापडलं : काही नोंदी दोनदा पडल्या होत्या. साधारण हजारभर पौंड उरले, त्यांचा उलगडा होईना. तेव्हा त्यांनी पोस्टाला पत्र लिहिलं. पैसे देत नाही, एवढंच त्यांनी लिहिलं नाही. मूळ नोंदींपर्यंत पोचून शोधण्याची सोयच या यंत्रणेत मला दिलेली नाही, मग जे मला तपासता येत नाही त्याची जबाबदारी मी कशी घेऊ, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी तूट भरली नाही आणि खोटी सहीही केली नाही. २००३ साली त्यांचा करार संपवण्यात आला. पण खोटी सही नव्हती, म्हणून त्यांच्यावर फौजदारी खटला उभा राहिला नाही. पुढे वीस वर्षं हाच माणूस लढला.

इथे थोडं थांबून आपण खास हिशेबनिसांची गोष्ट बोलू, कारण ती फार कामाची आहे. जुन्या मुनीमजींना विचारा, तेरीज जुळली नाही तर काय करायचं? ते पहिल्यांदा फरकाच्या आकड्याकडे बघतील. फरकाला नऊने भाग जातो का? जात असेल तर अंक उलटे पडले असण्याची शक्यता आहे. ४५० च्या जागी ५४० लिहिले की फरक येतो ९०. मग फरकाची निम्मी रक्कम बघा. १,२५० रुपये नावे टाकायच्या ऐवजी जमा टाकले तर फरक येतो २,५००. म्हणून निम्म्या रकमेची नोंद शोधा, ती चुकीच्या बाजूला बसलेली सापडेल. हे ठोकताळे कुणी आपल्याला शाळेत शिकवत नाही, पण त्यांच्यामागे एक मोठी समजूत आहे : माणूस ठरावीक प्रकारे चुकतो, आणि चूक आपला ठसा मागे ठेवते.

सॉफ्टवेअरसुद्धा ठरावीक प्रकारे चुकतं. फक्त त्याचा ठसा वेगळा. स्कॉटलंडमध्ये डॅलमेलिंग्टन नावाच्या गावी २०१५ साली काय झालं बघा. मुख्य पोस्टातून छोट्या शाखेसाठी ८,००० पौंड रोख निघाली होती. ती मिळाल्याची नोंद करताना पडदा पुढेच सरकेना, म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं. चार वेळा नोंद झाली. ८,००० चौक ३२,०००. आणि २४,००० ची तूट! आता हा फरक हातात आल्यावर पहिला विचार काय यायला हवा? २४,००० म्हणजे ८,००० ची बरोबर तिप्पट. चोर कधी एका नोंदीची नेमकी तिप्पट उचलत नाही हो. अंक उलटे पडले तरी असा फरक येत नाही. एखाद्या व्यवहाराच्या नेमक्या पटीत फरक आला, की ‘ही नोंद पुन्हा पडली का’ हा प्रश्न आधी विचारायचा. हॅमिल्टनबाईंचे २,००० चे ४,००० झाले तेही याच जातीचं लक्षण नव्हे का?

पण असं ओळखायचं तर मूळ नोंदी दिसायला हव्यात. आणि कुणीतरी ऐकायला हवं. यॉर्कशरमधल्या ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांनी हेल्पलाइनला ९१ वेळा फोन केले. एक्याण्णव! तूट होती सुमारे २५,००० पौंड. प्रकरण दिवाणी कोर्टात गेलं, ते वकिलाशिवाय स्वतः उभे राहिले, हरले, आणि २००७ साली त्यांच्यावर खर्चापोटी ३,२१,००० पौंडांचा बोजा पडला. ते दिवाळखोर झाले. या सगळ्या वर्षांत फोन करणाऱ्यांना एक वाक्य वारंवार ऐकवलं जात होतं : असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय, बाकी कुणाचीही तक्रार नाही. हे खोटं होतं. २००९ साली ‘कॉम्प्युटर वीकली’ या पत्राने सात जणांच्या हकिकती एकत्र छापल्या, आणि त्याच वर्षी फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातल्या सभागृहात ही माणसं पहिल्यांदा एकमेकांना भेटली. आपण एकटे नाही हे तेव्हा त्यांना कळलं. होरायझन सुरू होऊन तोवर दहा वर्षं झाली होती.

आतल्या लोकांना काय माहीत होतं? बरंच काही. १९९८ सालीच कंपनीच्या अंतर्गत अहवालात काउंटरच्या भागाच्या कोडबद्दल वाईट शेरे होते. त्यात एक नमुना दिलेला आहे, तो आम्हाला फार आवडतो, म्हणजे आवडतो असं म्हणू नये, पण लक्षात राहतो. संख्येचं चिन्ह बदलायचं आहे, अधिकचं उणे आणि उण्याचं अधिक. सातवीतला मुलगा काय करेल? समोर उण्याची खूण लावेल. इथे लिहिणाऱ्याने काय केलं, तर संख्या उणे असेल तर तिचं चिन्ह काढून टाका, आणि अधिक असेल तर त्या संख्येतून तिची दुप्पट वजा करा. पाचातून दहा गेले, उणे पाच. उत्तर बरोबर येतं हो! बाहेरून बघणाऱ्याला यात काहीच खटकणार नाही. पण ज्याने असं लिहिलं त्याने बाकीचं कसं लिहिलं असेल, ही शंका आतल्या तपासणाऱ्यांना आली होती. म्हणून ‘आम्ही चालवून पाहिलं, उत्तर बरोबर आलं’ एवढ्यावर विश्वास बसवू नये.

दुसरी आतली गोष्ट जास्त गंभीर. शाखेच्या हिशेबात शाखेबाहेरून कुणी हात घालू शकत नाही, असं पोस्ट वर्षानुवर्षं सांगत होतं. प्रत्यक्षात फुजित्सूच्या तांत्रिक मदत विभागातली माणसं शाखेच्या खात्यात नोंदी घालू शकत होती, आणि काही वेळा शाखेला न कळवता घालत होती. २०१९ च्या निकालात हे सिद्ध झालं. म्हणजे गल्ल्याची किल्ली तुमच्याकडे, जबाबदारी तुमची, आणि वहीत लिहिणारा हात आणखी कुणाचातरी.

मग कोर्टांना हे आधी का दिसलं नाही? त्याला एक कायद्याची बाजू आहे. १९८४ च्या ब्रिटिश कायद्यात अशी तरतूद होती, की कॉम्प्युटरचा कागद फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून द्यायचा असेल तर कॉम्प्युटर नीट चालत होता हे आधी दाखवा. ती तरतूद जाचक वाटली म्हणून १९९९ च्या कायद्याने रद्द झाली आणि २००० पासून उलटं गृहीत धरलं जाऊ लागलं. विरुद्ध पुरावा येईपर्यंत यंत्र नीट चालत होतं असं मानायचं. आणि विरुद्ध पुरावा कुणाकडे? यंत्र ज्याचं त्याच्याकडे! होरायझनचा देशभर प्रसार आणि हा बदल एकाच सुमाराला झाले.

आपल्याकडची स्थिती वेगळी आहे, आणि इथे आपल्याला जरा बरं वाटायला हरकत नाही. पुरावा कायद्याचं कलम ६५-ब २००० साली आलं, आज तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागतं. यंत्र त्या काळात नीट चालू होतं, किंवा बिघडलं असलं तरी बिघाडाचा नोंदीवर परिणाम झालेला नाही, अशी अट आहे. हे प्रमाणपत्र ऐच्छिक नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं, ते प्रकरण आपल्या जालन्याच्या निवडणुकीचं होतं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल. तरी पण एक सांगतो. छापील नमुन्यावर सही करणं फार सोपं असतं. सही करणाऱ्याने यंत्र खरंच तपासलं का, हे विचारणारा माणूस कोर्टात हवा, आणि त्याच्याआधी संस्थेच्या बैठकीत हवा.

आता आपल्या बैठकीत येऊ. छोट्या संस्थांच्या हिशेबात आम्ही अधूनमधून मदत करतो. एका पतसंस्थेत नवं सॉफ्टवेअर आलं आणि काउंटरवरच्या ताईंच्या रोकडीत तूट यायला लागली. कधी ३००, कधी ५००. पुरवठादाराच्या माणसाने येऊन सांगितलं, तुमचंच काहीतरी चुकतंय, सवय होईल. ताईंनी तीन आठवडे पदरचे पैसे भरले आणि कुणाला बोलल्या नाहीत. का? चोर ठरू या भीतीने. पण एक केलं त्यांनी. शाळेच्या जुन्या वहीत रोज लिहीत गेल्या : तारीख, वेळ, पावती नंबर, किती फरक, आणि त्या वेळी काय झालं होतं. आम्ही ती वही पाहिली. प्रत्येक फरक त्या दिवशीच्या एखाद्या पावतीएवढाच होता, आणि प्रत्येक वेळी शेजारी लिहिलं होतं, ‘प्रिंटरचा कागद संपला’. कागद घालून पावती पुन्हा छापली की रक्कम पुन्हा जमा पडत होती. मग आम्ही मुद्दाम कागद काढून घेतला, दहा रुपयांची पावती केली, आणि पुरवठादाराच्या माणसासमोर वीस जमा झालेले दाखवले. त्याचा चेहरा पडला, पण मान्य करावं लागलं. ताईंना पैसे परत मिळाले.

या वहीने जे केलं ते कुठल्याही मोठ्या तज्ज्ञाने याहून वेगळं केलं नसतं. चूक दिसली की आधी थांबायचं. ‘जुळवून टाकू’ म्हणून समायोजनाची नोंद टाकायची नाही, कारण तिने ठसा पुसला जातो. पडद्याचा फोटो काढायचा. मग तीच चूक पुन्हा घडवता येते का बघायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रिंटरही बदलला, युजरही बदलला आणि चूक गेली, तर ती कशामुळे गेली हे कळलंच नाही.

आणि हे सगळं चूक व्हायची वाट न बघता आधीच करता येतं. नवं सॉफ्टवेअर दाखवायला येणारा माणूस सरळ रस्त्याने गाडी चालवून दाखवतो. आपण त्याला खड्ड्यांतून न्यायचं. नोंद अर्धी असताना वीज घालवा. इंटरनेट काढा. बटण तीनदा दाबा. झालेली पावती रद्द करा आणि कालच्या तारखेची करा. एकाच खात्यावर दोघांना एकदम बसवा. आणि त्याला विचारा, की माझ्या नकळत माझ्या नोंदीत बदल कोण करू शकतं, आणि केला तर तो मला कुठे दिसतो? कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियमच आहे, की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहायला हवी आणि ती बंद करता येता कामा नये. तुमची संस्था कंपनी नसेल, तरी मागायला काय हरकत आहे? शिवाय सध्या माहीत असलेल्या चुकांची यादी मागा. जो म्हणतो ‘एकही नाही’, त्याच्यापासून सावध. जो दोन पानं हातात ठेवतो, त्याच्याशी पुढे बोलू.

ब्रिटनमध्ये २०२१ च्या एप्रिलमध्ये अपील कोर्टाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली, हॅमिल्टनबाई आणि सीमा मिश्रा त्यांत होत्या. २०२४ च्या जानेवारीत या विषयावर टीव्ही मालिका आली, लोक खवळले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. तोवर काही माणसं हयात नव्हती.

वेळ झाली आहे, एकच प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले काका विचारतात, आमच्या सोसायटीचं बिलिंग ॲपवर गेलं, कंपनी म्हणते जुनी वही बंद करा, तर कधी बंद करायची? काका, सुरुवातीची शिल्लक आधी एकेका सदनिकेची ताडून घ्या, बेरीज जुळली म्हणून सोडू नका, कारण एकाचे वाढले आणि दुसऱ्याचे तेवढेच घटले तरी बेरीज जुळते. मग दोन्ही बरोबर चालवा. त्रास होईल, डबल काम आहे, सेक्रेटरी कुरकुर करतील. मध्ये व्याजाची एक आकारणी, एक चुकीचं बिल रद्द करणं आणि एक ३१ मार्च येऊन जाऊ दे. त्यानंतर प्रत्येक सभासदाला शिल्लक लिहिलेली चिठ्ठी द्या, आणि तिच्यावर खाली दोन चौकटी ठेवा : ‘मान्य’ आणि ‘मान्य नाही’. दुसऱ्या चौकटीत खूण केलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांचा निकाल लागला, की वही कपाटात ठेवा. रद्दीत घालू नका.